अवरक्त किरणांनी प्रथिनाची घडी मोडताना पाहणे : पहिल्या प्रयोगासाठी मार्गदर्शन

एफटीआयआर, म्हणजे नमुना कोणते अवरक्त किरण किती शोषतो याचा आलेख (वर्णपट) काढणाऱ्या यंत्राजवळ प्रथिनाचा नमुना घेऊन आलेला नवा विद्यार्थी बहुतेक वेळा एकच गोष्ट विचारतो: यात अल्फा हेलिक्स (साखळीचा मळसूत्री भाग) किती टक्के आणि बीटा शीट (शेजारी शेजारी धाग्यांची पट्टी) किती टक्के? सॉफ्टवेअर आकडा देतेही. पण त्याच वर्णपटात आणखी एक-दोन वक्र बसवले की आकडा बदलतो, आणि बसवणी दोन्ही वेळा तितकीच सुबक दिसते. या पद्धतीची खरी ताकद टक्केवारीत नाही, बदल टिपण्यात आहे. एकच प्रथिन, एकच सेल (दोन खिडक्यांमध्ये द्रव धरणारी डबी), आणि मध्ये फक्त तापमान बदललेले. अशा वेळी एका टक्क्याहूनही लहान फरक अवरक्त वर्णपट स्वच्छ दाखवतो. म्हणून पहिला प्रयोग घडी मोडण्याचाच करावा.

त्यासाठी बैलाच्या स्वादुपिंडातले रायबोन्यूक्लिएज-ए घ्या. १२४ अमिनो आम्लांची एकच साखळी, चार डायसल्फाइड बंध, वजन सुमारे १३,७०० डाल्टन. ते विकत सहज मिळते, पाण्यात भरपूर विरघळते, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे तापवून उलगडले तरी थंड केल्यावर परत घडी घालते. क्रिस्तियन अनफिन्सन यांनी याच प्रथिनावर काम करून दाखवले, की घडी कशी घालायची ही माहिती साखळीच्या अमिनो आम्लांच्या क्रमातच असते. त्या कामाला १९७२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. नवशिक्याला याहून भरवशाचे प्रथिन मिळणार नाही.

नेमके काय दिसते

प्रत्येक पेप्टाइड बंधात एक कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध असतो. तो ताणला-आखडला जातो तेव्हा १६०० ते १७०० सेमी⁻¹ (तरंगसंख्या, म्हणजे एका सेंटिमीटरात किती तरंग) या पट्ट्यात किरण शोषले जातात. हा अमाइड-१ पट्टा. (पुढे सगळीकडे फक्त आकडा लिहितो, एकक हेच.) त्या ऑक्सिजनला समोरून कोणता हायड्रोजन बंध मिळतो, आणि शेजारचे पेप्टाइड बंध कोणत्या मांडणीत आहेत, यावर नेमकी जागा ठरते. साध्या पाण्यात अल्फा हेलिक्स १६५० ते १६५८ च्या आसपास दिसते. बीटा शीट १६२० ते १६४० मध्ये ठळक दिसते आणि धागे उलटसुलट दिशांनी शेजारी असतील तर १६७० ते १६९५ मध्ये आणखी एक फिकट पट्टा देते. वळणे १६६० ते १६८५ मध्ये येतात. ठरावीक रचना नसलेली साखळी १६४० ते १६५० मध्ये, म्हणजे जवळजवळ हेलिक्सच्या अंगावरच बसते. टक्केवारीवर विसंबू नका म्हणतो ते यासाठीच. हे सगळे पट्टे रुंद आहेत, एकमेकांत मिसळलेले आहेत.

दुसरा उपयोगी पट्टा अमाइड-२. तो साधारण १५५० ला असतो आणि नायट्रोजन-हायड्रोजन बंधाच्या वाकण्याशी जोडलेला असतो. हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) बसले की तो उचलून थेट १४५० जवळ जातो. हा पट्टा पुढे फार कामाला येणार आहे.

आधी पाण्याचा बंदोबस्त

साध्या पाण्याचा स्वतःचा जोरदार पट्टा १६४५ ला आहे, अमाइड-१ च्या ऐन मध्यावर. ६ मायक्रोमीटर जाडीच्या थरातसुद्धा पाण्याचे शोषण ०.७ च्या घरात जाते. ५० मायक्रोमीटरचा थर घेतला तर त्या जागी यंत्रापर्यंत काही पोहोचतच नाही. साध्या पाण्यात काम करता येते, पण थर १० मायक्रोमीटरच्या आत ठेवावा लागतो आणि वजाबाकी काटेकोर लागते. पहिल्यांदाच करणाऱ्याने जड पाणी (ड्यूटेरियमचे पाणी) वापरावे. त्याचा तोच पट्टा १२१० जवळ सरकलेला असतो, अमाइड-१ ची जागा मोकळी होते आणि ५० मायक्रोमीटरचा थर आरामात चालतो.

जड पाण्यात दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पीएच मीटर जो आकडा दाखवतो त्यात ०.४ मिळवायचे, तो खरा पीडी (जड पाण्यातला पीएच). म्हणजे ७.० हवा असेल तर मीटरवर ६.६ आणायचा. आणि जड पाणी हवेतली ओल झपाट्याने खेचते. बाटली उघडी टाकून पिपेट शोधायला गेलात तरी त्यात साधे पाणी शिरते. ते ३४०० जवळच्या पट्ट्यात ओळखू येते आणि १४५० जवळही घाण करते, जिथे तुम्हाला अमाइड-२ चा सरकलेला पट्टा पाहायचा असतो.

बफर फॉस्फेटचा घ्या, २० ते ५० मिलिमोलर पुरे. ट्रिस या प्रयोगाला चालत नाही, कारण तापमान दर अंशाने वाढले की त्याचा पीएच सुमारे ०.०३ ने उतरतो. पन्नास अंशांच्या चढाईत तो दीडने घसरलेला असेल, मग घडी उष्णतेने मोडली की आम्लतेने हे कोण सांगणार? युरिया किंवा ग्वानिडिनने घडी मोडण्याचा मोह इथे टाळावा. दोघांचेही स्वतःचे पट्टे ठळक आहेत आणि ते अमाइड-१ च्या अंगणातच येतात. प्रयोगशाळेत बनवलेले पेप्टाइड वापरणाऱ्यांनी तर आणखी सावध राहावे: शुद्धीकरणात राहून गेलेले ट्रायफ्लुओरोॲसेटिक आम्ल १६७३ ला टोकदार पट्टा देते, आणि तो बीटा वळण म्हणून खपून जातो.

नमुना

रायबोन्यूक्लिएज जड पाण्याच्या बफरमध्ये १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर या प्रमाणात विरघळवा. ५० मायक्रोमीटरच्या थरात अमाइड-१ चे शोषण ०.१५ च्या आसपास यायला हवे. ०.०५ आले तर प्रमाण कमी किंवा सेल गळतो आहे.

आता ड्यूटेरियमची अदलाबदल. प्रथिनाच्या पृष्ठभागावरचे हायड्रोजन लगेच बदलतात, पण आतल्या गाभ्यातले तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस तसेच राहतात. तुम्ही तसाच नमुना तापवलात तर घडी मोडताच ते एकदम बदलतात, अमाइड-१ पाच-दहा एककांनी खाली सरकतो, आणि तुम्ही त्या सरकण्याला रचनेतला बदल समजता. म्हणून नमुना आधीच ६० ते ६५ अंशांवर अर्धा तास ठेवून थंड करा. अदलाबदल झाली का हे १५५० पाहून कळते: तिथला पट्टा गेला असला पाहिजे. तो थोडा जरी उरला असेल तर पुढे जाऊ नका, पुन्हा तापवा. वेळ असेल तर हा द्रव गोठवून वाळवा आणि पुन्हा ताज्या जड पाण्यात विरघळवा, म्हणजे अदलाबदलीत सुटलेला साधा हायड्रोजनही निघून जातो.

सेल भरणे

खिडक्या कॅल्शियम फ्लुओराइडच्या हव्यात. पोटॅशियम ब्रोमाइड आणि मीठ पाण्यात विरघळतात हे सगळ्यांना ठाऊक असते, पण घाईत हाताशी आली ती खिडकी उचलली जाते. कॅल्शियम फ्लुओराइड साधारण ११०० पर्यंत पारदर्शक राहते, आपल्याला तेवढे पुरेसे आहे. मात्र ते ठिसूळ असते आणि तापमानाचा झटका त्याला सोसत नाही. गरम सेल थंड पाण्याखाली धरला की तडा जातो.

एक खिडकी कापडावर आडवी ठेवा. तिच्यावर ५० मायक्रोमीटरचे टेफ्लॉनचे स्पेसर (थराची जाडी ठरवणारी कडी) कडेला नीट बसवा, चुणी राहू देऊ नका. २५ मिलिमीटर व्यासाच्या खिडकीला २५ मायक्रोलिटर द्रव लागतो, तुम्ही ३० घ्या. मधोमध एकच थेंब सोडा. दुसरी खिडकी एका कडेवर टेकवून हळूहळू खाली आणा, म्हणजे द्रव कडेकडे पसरत जातो आणि हवा बाहेर निघते. वरून सपाट टाकली तर बुडबुडा अडकतोच. मग उजेडाकडे धरून पाहा. बुडबुडा दिसला तर उघडा, पुसा, पुन्हा भरा. २५ अंशांना जो बारीक बुडबुडा कोपऱ्यात निमूट बसलेला असतो तो ७० अंशांना फुगून किरणाच्या वाटेत येतो आणि दोन तासांचे मोजमाप वाया जाते. भरण्याआधी द्रवातली विरघळलेली हवा पंपाने काढून टाकावी. स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आणि बोटांच्या जोरानेच आवळायचे.

सामायिक केंद्रात काम करणाऱ्यांसाठी: मुंबई आयआयटीतल्या सैफसारख्या केंद्रात बाहेरच्या विद्यार्थ्यांचे नमुने मोजून मिळतात, पण नमुना पाठवण्याआधी द्रवाचा सेल आणि तापमान नियंत्रण आहे का हे विचारून घ्या. "पोटॅशियम ब्रोमाइडची गोळी करून देतो" असे उत्तर आले तर नम्रपणे नको म्हणा. प्रथिन वाळवून, मिठात दाबून केलेल्या गोळीत त्याची पाण्यातली घडी शाबूत राहील याचा काही भरवसा नसतो. हिऱ्याच्या स्फटिकावरचे एटीआर मोजमाप (थेंब स्फटिकावर ठेवून किरण स्फटिकाच्या आतूनच परावर्तित करतात) झटपट होते आणि पहिल्या पाहणीला ठीक आहे. पण त्यात किरण द्रवात जेमतेम एक मायक्रोमीटर शिरतो, आणि नेमक्या त्याच थरात प्रथिन स्फटिकाला चिकटून बसते.

वाफ

आपल्याकडे जून ते सप्टेंबर या महिन्यांत हे मोजमाप करायचे तर जीव मुठीत धरावा लागतो. हवेतल्या पाण्याच्या वाफेच्या शेकडो अरुंद रेषा १४०० ते १९०० मध्ये पसरलेल्या असतात, त्यातली एक ठळक रेषा १६५३ ला, थेट हेलिक्सच्या जागेवर. यंत्राच्या आत कोरडी हवा किंवा नायट्रोजन सतत सोडत राहा. झाकण उघडून सेल ठेवला की वीस-तीस मिनिटे थांबा. वाळवणीचे सिलिका जेल रंग बदलेपर्यंत वाट पाहू नका, पावसाळ्यात ते वेळेआधीच भट्टीत टाकून परत आणा. यंत्रातला किरण दुभागणारा भाग बहुधा पोटॅशियम ब्रोमाइडचाच असतो, आणि ओल लागली की तो धुरकट होत जातो. कोरडेपणा जपणे हे वर्णपटाइतकेच यंत्रासाठीही आहे.

वाफेचा एक वेगळा वर्णपट घेऊन ठेवा. नायट्रोजन थोडा वेळ बंद करून रिकाम्या कक्षाचे मोजमाप केले की तो मिळतो. नंतर नमुन्यातून तेवढाच अंश वजा करता येतो.

तापवणे

रिझोल्यूशन २ ठेवा, प्रत्येक तापमानाला २५६ स्कॅन. डिटेक्टर एमसीटी (द्रव नायट्रोजनने थंड ठेवावा लागणारा) असेल तर द्रव नायट्रोजन भरल्यावर अर्धा तास स्थिरावू द्या, आणि मोजमाप अर्ध्यावर असताना नायट्रोजन संपणार नाही याचा हिशेब आधीच करा.

२५ अंशांपासून सुरुवात करून ५० पर्यंत पाच-पाच अंशांनी चढा. तिथून ७२ पर्यंत दोन-दोन अंशांनी, कारण गंमत तिथेच आहे. मग ८० वर थांबा. प्रत्येक पायरीला चार-पाच मिनिटे स्थिर होऊ द्या. नियंत्रकावर लिहिलेले तापमान आणि द्रवाचे तापमान यात दोन-तीन अंशांची तफावत सहज असते, त्यामुळे बारीक थर्मोकपल खिडकीला टेकवून एकदा तक्ता करून घ्या. ८० च्या वर जाऊन रेंगाळू नका. फार उष्णतेत अमिनो आम्लांच्या बाजूच्या साखळ्यांचे रासायनिक नुकसान सुरू होते आणि मग प्रथिन परत येत नाही.

यानंतर कंटाळवाणी पण अटळ गोष्ट: हीच सगळी चढाई नुसत्या बफरने, त्याच सेलमध्ये, त्याच पायऱ्यांनी पुन्हा करायची. जड पाण्याचा १५५५ च्या आसपास एक रुंद उंचवटा आहे आणि तो तापमानाबरोबर आकार आणि जागा दोन्ही बदलतो. २५ अंशांचा बफर ७० अंशांच्या नमुन्यातून वजा केला तर जे उरते ते प्रथिन नव्हे, पाणीच. एक दिवस वाचवायला लोक ही पायरी गाळतात आणि मग महिनाभर त्या आकड्यांशी झगडत बसतात.

वजाबाकी आणि वाचन

बफर वजा करताना गुणक असा निवडा की १७५० ते १९५० हा भाग सपाट येईल. तिथे प्रथिनाचे काहीच नसते. गुणक १ च्या जवळ असावा. ०.९ लागत असेल तर सेलची जाडी बदललेली आहे. मग वाफ वजा करा, आणि १७०० ते १८०० मध्ये दातेरी रेघ उरली नाही हे पाहा.

पट्टे वेगळे करायला दुसरे अवकलज (वक्र कुठे किती वाकतो ते दाखवणारा आलेख) घ्या, सावित्स्की-गोले पद्धतीने ९ किंवा १३ बिंदूंचे. शिखरे उलटी, खाली तोंड करून दिसतील. सावधगिरी एवढीच की अवकलज अरुंद गोष्टी फुगवून दाखवते, आणि वाफेच्या रेषेइतके अरुंद प्रथिनात काहीच नसते. म्हणून १७०० ते १८०० मधली खरखर मोजून घ्या. अमाइड-१ मधले एखादे शिखर त्या खरखरीइतकेच असेल तर ते शिखर नाही, असे धरून चाला. हा नियम मी कधीही सैल करत नाही.

२५ अंशांवर रायबोन्यूक्लिएजचे मुख्य शिखर १६३८ जवळ दिसेल, आणि १६८० जवळ खांदा. ते मुख्यतः बीटा शीटचे प्रथिन आहे, हे त्याला साजेसेच. आता प्रत्येक तापमानाच्या वर्णपटातून २५ अंशांचा वर्णपट वजा करा आणि सगळे फरक एकावर एक काढा. ५० पर्यंत जवळजवळ सपाट रेषा, थोडासा संथ कल. मग साठीच्या पुढे एकदम दरी आणि टेकडी: १६३० च्या आसपास खोल होत जाणारी दरी, म्हणजे शीट मोडते आहे, आणि १६६० च्या बाजूला वाढणारी टेकडी, म्हणजे विस्कटलेली साखळी. दोघांच्या मधून सगळ्या रेषा जवळपास एकाच बिंदूतून जातात. हा आलेख पहिल्यांदा उमटताना पाहणे हा खरोखर आनंद आहे. डोळ्यांसमोर बीटा शीट सुटत असते.

१५१५ जवळचा लहानसा अरुंद पट्टाही पाहा. तो टायरोसिन या अमिनो आम्लाचा. या प्रथिनात सहा टायरोसिन आहेत. घडी मोडताना तो जेमतेम एका एककाने सरकतो, पण आजूबाजूचा कोपरा कधी उघडला याची स्वतंत्र खूण देतो.

१६३० ची खोली तापमानासमोर मांडली की इंग्रजी एस अक्षरासारखा वक्र मिळतो. त्यात दोन अवस्थांचे (प्रथिन घडी घातलेले किंवा मोडलेले, मधले काही नाही) समीकरण बसवा, पण वरची आणि खालची रेषा तिरकी ठेवायची मुभा द्या. घडी न मोडताही तापमान वाढले की हायड्रोजन बंध थोडे सैल होतात आणि पट्टे सावकाश सरकतात. आडव्या रेषा गृहीत धरल्या तर तो कल घडी मोडण्याच्या हिशेबात जातो. मध्यबिंदू (निम्मे रेणू मोडलेले असतात ते तापमान) उदासीन पीडीला ६० ते ६५ अंशांच्या दरम्यान आणि एन्थाल्पी (घडी मोडायला लागणारी उष्णता) ४०० ते ५०० किलोज्यूल प्रति मोल यावी. १६६० वरून आणि टायरोसिनवरूनही मध्यबिंदू काढा. तिन्ही जुळले तर दोन अवस्थांचे गृहीतक टिकते. एक-दीड अंशाहून जास्त फरक पडला तर मधली अवस्था असू शकते, किंवा वजाबाकीत गडबड आहे. आधी वजाबाकी तपासा.

परत थंड करा

ही पायरी विसरू नका. २५ अंशांवर परत आणा, पुन्हा मोजा, पहिल्या वर्णपटावर ठेवा. दोन्ही जुळले तरच वरची एन्थाल्पी अर्थपूर्ण आहे, कारण ते गणितच समतोलाचे आहे.

न जुळल्यास १६१८ आणि १६८४ या दोन जागा पाहा. ही जोडी म्हणजे रेणूरेणूंमध्ये तयार झालेली बीटा शीट: उलगडलेल्या साखळ्या एकमेकींना चिकटून गोळा झाल्या. अंड्याच्या पांढऱ्यातले ओव्हाल्ब्युमिन असेच तापवून पाहा, ७५ अंशांच्या पुढे ही जोडी वर येते आणि थंड केल्यावरही जात नाही. उकडलेले अंडे पुन्हा पातळ होत नाही, त्याची ही अवरक्त खूण. रायबोन्यूक्लिएजसोबत हा दुसरा प्रयोग जरूर करा. एक परत येणारे, एक न येणारे, असे दोन्ही वर्णपट एकदा स्वतःच्या हाताने काढले की पुढे अनोळखी प्रथिनात १६१८ ला उठलेला खांदा नजरेतून सुटत नाही.

वेग मोजायचा असेल तर

आतापर्यंत पाहिला तो समतोल. किती वेगाने मोडते हा वेगळा प्रश्न. सेकंदांत आणि मिनिटांत होणारे बदल साध्या यंत्रावर लागोपाठ स्कॅन घेऊन टिपता येतात. १५५० चा पट्टा जड पाण्यात हळूहळू विरतो त्या वेगावरून गाभा अधूनमधून किती उघडतो हेही कळते. पहिल्या प्रयोगात आपण जी अदलाबदल मुद्दाम आधीच उरकली, तीच इथे मोजायची असते. मिलिसेकंदांसाठी दोन द्रव झटकन मिसळणारी यंत्रे आहेत.

त्याहून वेगवान घटनांसाठी तापमानाची उडी लागते. सुमारे २ मायक्रोमीटरच्या लेसरचा काही नॅनोसेकंदांचा स्पंद थेट पाण्याला तापवतो, दहाएक अंशांची उडी बसते, आणि दुसरा अवरक्त लेसर, हल्ली बहुधा क्वांटम कॅस्केड जातीचा, एका ठरावीक तरंगसंख्येवर शोषण कसे बदलते ते पाहत राहतो. अशा प्रयोगांतून लहान हेलिक्स मायक्रोसेकंदाच्याही आत, काहीशे नॅनोसेकंदांत, घडते-मोडते हे कळले. इथेही नुसत्या पाण्याचे मोजमाप वेगळे घ्यावेच लागते, कारण तापलेले पाणी स्वतःच लगेच संकेत देते. आणि मिळालेला दर घडी घालण्याच्या आणि मोडण्याच्या दरांची बेरीज असते, एकट्या मोडण्याचा नव्हे. मध्यबिंदूवर दोन्ही सारखे असतात, म्हणून तिथे अर्धा-अर्धा धरता येतो. इतरत्र समतोलाचा वक्र हाताशी हवा, जो तुम्ही आधीच काढलेला आहे.

या कामाला मात्र रायबोन्यूक्लिएज घेऊ नका. त्यात प्रोलिन हे अमिनो आम्ल चार ठिकाणी आहे, त्यातले दोन घडीमध्ये सिस मांडणीत (पेप्टाइड बंधाच्या दोन्ही बाजूंची साखळी एकाच अंगाला) असतात, आणि ते उलटसुलट व्हायला सेकंद नव्हे तर कधी मिनिटे लागतात. नॅनोसेकंदाच्या उडीनंतर तुम्ही पाहत राहाल आणि घडी जागची हलणार नाही. विलिन या प्रथिनाच्या टोकाचा ३५ अमिनो आम्लांचा तुकडा घ्या. तो मायक्रोसेकंदांत घडी घालतो. नेमका कोणता कोपरा आधी सुटतो हे हवे असेल तर त्या जागेच्या कार्बनच्या ऐवजी कार्बन-१३ बसवलेले पेप्टाइड मागवा. त्याचा पट्टा सुमारे ४० एककांनी खाली उतरतो आणि गर्दीतून वेगळा दिसतो. मागवताना ट्रायफ्लुओरोॲसेटेट काढून क्लोराइड क्षार करून द्या, असे ऑर्डरमध्येच लिहा.